आंगणातली वांगी

अहो अहो ताई, त्या थैलीत हात नका घालू — ती वांगी विकायची नाहीत. घरची आहेत, आंगणातली. तुम्ही मटार घ्या ना, पाहा कसे हिरवेगार, पाटनकडच्या आमच्या वावरातले, आज पहाटेच तोडले. तुमच्या चिन्मयीले आवडतात? बाळंतपणाले माहेरी आली वाटते! अच्छा, सातवा लागला. आमची सून दीक्षा पण तेवढ्यातच आहे बरं — ती गेली माहेरी, इथंच शहरात, चेरीतालले. ही थैली तिच्याचसाठी, इथलं आटपलं की पोचवून देईन.

किडकी दिसतात? दिसू द्या! अळीनं खाल्लं अन् अळी जिवंत राहिली — माहा वीरेंद्र म्हणते, आई, हेच पाहायचं. शिकला, पण शेती नाही सोडली त्यानं. घरच्या आंगणात भाजीपाला कसा लावायचा, त्याचं शिबिर झालं ना आमच्याकडे, गावातली सगळी जवान पोरं गेली होती. मले वाटलं, समोसे खाऊन वापस येतील. पण नाही हो! आता घरोघरी पालक, वाल, टमाटर. मोरीचं पाणी वाफ्यात, चुलीतली राख पानावर, दवाईचा थेंब नाही. समज पाहा पोरांची — सगळ्यांले बरोबर समजलं, आंगण खायाले अन् वावर विकायाले.

वावरात? वावरात तर मारावीच लागते दवाई. काहून म्हणजे? तुम्हीच तर डाग दिसला की शेंग फेकता! मी म्हटलं होतं वीरेंद्रले, बाबा, आंगणात जमते ते वावरात थोडं तरी करून पाहा. तर माह्यावरच भडकला, तुले मंडीतलं काय समजते म्हणे. समजते ना, सगळं समजते मले. परवा दीक्षासाठी ह्याच मटाराची उसळ केली, मस्त डबा भरला — तर डबा हिसकला माह्या हातातून अन् नालीत ओतला! "कालच फवारलं, मारतेस का तिले?" असा ओरडला, मले रडूच आलं. अन् आज त्याच पोरानं, त्याच हातानं, हे मटाराचं पोतं ऑटोत चढवून दिलं, म्हणे आई, लवकर विकून ये —

नाही, तसं नाही ताई. मिठाच्या पाण्यात धुऊन घ्यायचे, काही होत नाही. सगळेच तर खातात... अशा काहून पाहून राहिल्या माह्याकडे?

आणा. आणा ते मटार इकडे. चिन्मयीले नका देऊ.

नाही, वांगी नाही देणार. कितीही द्या. एवढीच निघाली, अन् ती पोरगी वाट पाहून राहिली असन. मी काही बोलली नाही, समजलं? जा तुम्ही. जा ना, बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं आहे.

हौ भैया, आइए. मटर है ना — एकदम ताजा, आज सुबह का तोड़ा हुआ.