हिंगोरीच्या मुळाशी

—नाई मास्तर, झाडाचं पान तोडू नका, खाली पडलेलं घ्या. हे पाहा, कातड्यावानी जाड, काठाले करवतीचे दाते, खालून भुरकट. तुमीच तं सांगतलं होतं मांगच्या खेपेले — ओकाच्या घरान्यातलं झाड, हिंगोरी, आसामाकडचं. आपल्या झरीच्या रानात दुसरं नाई. उनाळ्यात सागाचे खराटे होतात, तवाई हे हिरवंच राहे. राहे म्हनलं मी. आता पाहा, शेंडा वाळला. म्हनून तं तुमाले वणीहून बलावलं. तुमी कॉलेजातले, तुमचा कागद चालते. लिहून द्या — शेजारच्या शेतातल्या सेवादासनं झाड मारलं. बस.

हो, डोकं फोडलं मी त्याचं. काल. खोटं कायले बोलू? बैलगाडीची उभारी, बाजूचा दांडा, उपसली आन हानली, दोन खेपा. पयल्या खेपेले 'वामनकाका' म्हने, दुसऱ्या खेपेले खालीच पडला. दवाखान्यात हाय, शुद्धीवर नाई म्हनतात. पोलीस येतीनच. येऊ द्या. त्याच्या कपाशीच्या पराटीवर सावली पडते म्हनून तीन वर्षं दोघांच्या मधल्या धुऱ्यावर भांडत होता — मंग झाड वाळलं तं कोनं वाळवलं? त्यानंच. दुसरं कोन?

तुमाले काय मालूम हे कसं जगवलं. बी पोरानं आनलं होतं, संज्यानं, फौजेत होता तिकडं. डब्यात चाळीस बिया, ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या. मले म्हने, बाबा, वाळवू नका. मी गेलतो मुकुटबनले पाहुन्याकडं, तीन दिवस. आन म्हातारीनं, संज्याच्या मायनं, काय करावं? बी टिनावर उन्हात घातलं! आपली रीतच ना — तूर असो का ज्वारी, वाळवल्याबिगर बी ठेवते का कोनी? पन हे बी वाळलं का मेलं. पान्यात टाकलं तं सारं तरंगलं. — आँ? नाई, तिले नोतं सांगतलं मी. बाईमानसाले काय सांगाचं?

हानली तिले. चौकटीवर डोकं आपटलं, कानातून रक्त आलं, डावा कान गेला. संज्या तिथंच उभा. माहा हात धरला त्यानं, तं त्यालेई लोटलं. त्याच दिवशी गेला — एकोनीस वर्षं झाली, उंबऱ्याले पाय नाई लावला. मायले फोन करते. माह्याशी बोलत नाई. न बोलो. त्याचं झाड तं होतं माह्यापाशी.

डबा उघडतानी एकच बी रांजनाखाली घरंगळलं होतं, ओलीत. त्याले मोड आला. काळ्या मातीत पानी साचते, मूळ सडते, म्हनून डोंगरावरची तांबडी माती आनली मी, दोन उनाळे तुराट्याचं छप्पर केलं. आता फळ धरते — काटेरी बोंड, साळू अंग चोरून बसल्यावानी, आत चकचकीत बी. भाजून खाल्लं तं गोड लागते. पानी म्हातारीच घालते. बुडाशी पालाई तीच पसरते, दर आठ दिवसाले, बसून बसून—

काय करून राह्यले? पाला कायले उकरता?

थांबा. मले पाहू द्या.

साल कापली. चारई बाजूनं, बांगडीवानी — अशानं झाड उभ्यानं वाळते. हे कुऱ्हाडीचे घाव नोहेत मास्तर. विळ्याचे हायेत, लहान लहान. हे जुने, काळे पडले. हा मांगच्या सालचा. हा ओला हाय अजून. सेवादास असता तं दोन घावात आडवं केलं असतं, गावापुढं छाती काढून. असं दर आठवड्याले थोडं थोडं, वरून पाला झाकून...

इंदे!

उभी हाय पाहा दारात. आयकू गेलं तिले. कशी पाहून राह्यली. माह्यापुढं एकोनीस वर्षं मान वर नोती केली तिनं.

नाई, मी उठत नाई. तुमी उठा. वाटंत पोलिसाइची जीप भेटन, त्याइले सांगा, सेवादासचा काही कसूर नोता. आताच सांगा. बाकीचं माहं मी सांगीन.

माह्याकडं काय पाहता? चहा-बिहा काही नाई भेटत आज. निघा म्हनतो ना!