निळ्या ड्रेसचा टेलर

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आजारपणानंतर माझी बायको सुमन इतकी बारीक झाली की तिचा आवडता निळा पंजाबी ड्रेस अंगावर लोंबायला लागला. बोरीवलीतला आमचा टेलर म्हणाला, "काका, अस्तरवाला आहे, झंझट नको. नवीन घ्या."

मला रागच आला. ट्रॉम्बेला आयुष्यभर अणुसंशोधन केलं, मग दोन शिवणी उसवता येणार नाहीत? अस्तर आणि वरचं कापड वेगळं केलं, दोन्ही मापाने आत घेतली. जमलंय का, या शंकेने पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं.

पुतण्याच्या साखरपुड्याला सुमन तोच ड्रेस घालून आली. शेजारच्या राणेवहिनी म्हणाल्या, "फिटिंग झकास गं! कोणी केलं?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात सुमन म्हणाली, "टेलरने."

टेलरने!

वहिनींनी वाकून पाहिलं. "पण डावी बाजू जरा ओढते हां."

"ओढणारच," सुमन म्हणाली. "म्हातारा झालाय तो. धड दिसत नाही, पण चष्मा बदल म्हटलं तर ऐकेल तर शपथ!"

आणि मी तिथेच, तिची पर्स धरून उभा!