मुनीरभाईंचं न छापलेलं मत

जुबेदाभाभी, नसीम, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

बोलायला उभी राहिलेय. बाहेरच्या फलकावर आपल्या चित्रपट मंडळानं लिहिलंय, 'चोखंदळ रसिक मुनीरभाई यांना आदरांजली'. अध्यक्ष म्हणाले, चिटणीस या नात्यानं तुम्ही त्यांच्या सिनेमाप्रेमावर पाच मिनिटं बोला. मी त्यावर बोलणार नाही. राग आला तर येऊ द्या.

मुनीरभाई येरवड्याहून बसनं यायचे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. गुडघा धरायचा, म्हणून कडेची खुर्ची घ्यायचे. सहा वर्षं आले. सहा वर्षांत सिनेमानंतरच्या चर्चेत एकदा बोलले. एकदाच. त्याबद्दल मला बोलायचंय.

गेल्या हिवाळ्यात आपण तो सिनेमा दाखवला. जुन्या, गाजलेल्या परदेशी कादंबरीवरचा. एक राजवट असते, तिथे प्रत्येकाचं पत्र उघडलं जातं, नको त्या ओळींवर काळी शाई फिरवली जाते. आठवतंय ना? सभागृह भरलं होतं. मग चर्चा झाली. तुमचीच मतं सांगते. 'पुस्तकाची सर नाही.' हे म्हणणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं, चहाच्या वेळी त्यानंच मला सांगितलं. 'शेवट बदलायला नको होता.' 'व्हिज्युअली भारी, पण सेकंड हाफ फारच स्लो.' 'आपल्याकडे तरी काय वेगळं चाललंय?' या वाक्याला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाजवल्या आणि बरं वाटलं.

मग मुनीरभाई उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. म्हणाले, "तो पत्रं खोडणारा कारकून मला पटला नाही. तो खोडताना हसतो. असं कुणी हसत नाही. मी चोवीस वर्षं जेलमध्ये हेच काम केलं. कैद्यांची पत्रं वाचायची. मराठी, हिंदी, उर्दू, तिन्ही यायच्या म्हणून मला तिथे बसवलं. पत्रं वाचायची, डबा खायचा, परत पत्रं वाचायची."

कुठलं जेल, ते त्यांनी सांगितलं नाही. एका पत्राबद्दल मात्र सांगितलं. एका बाईनं आत असलेल्या नवऱ्याला लिहिलं होतं, 'अण्णा गेले. इकडचं सगळं उरकलं.' मुनीरभाईंना शंका आली. हे अण्णा कोण? गेले कुठे? उरकलं काय? खोडणं नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी ती ओळ खोडली.

अण्णा म्हणजे त्या कैद्याचे वडील. वारले होते.

त्यानंतर त्या माणसानं घरी दोन पत्रं लिहिली. दोन्हींत तेच, अण्णांचं औषध चुकवू नका. मुनीरभाई म्हणाले, "तीही मीच वाचली. तेव्हा मला कळलं, मी काय खोडलं ते. त्याला बोलावून सांगता आलं असतं. पण मग वरच्या साहेबांनी विचारलं असतं, ओळ कुणी खोडली? मी ती पत्रं तशीच पुढे पाठवली. घरचे काय समजले असतील? शेवटी भाऊ भेटायला आला, तेव्हा त्याला कळलं, बाप जाऊन चार महिने झाले." आणि म्हणाले, "सिनेमावाल्यांनी त्या कारकुनाला राक्षस केलंय. राक्षस केला की बघणारा म्हणतो, मी नाही बुवा तसा."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, सिनेमाबद्दल बोला." ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसलेत, नाव घेत नाही. आणि मी घंटी वाजवली. त्यांची वेळ संपली होती का? नव्हती. मुनीरभाई बसले. पुढचे वक्ते पार्श्वसंगीतावर बोलले.

हे झालं तुमचं. आता माझं ऐका.

प्रेक्षकांची मतं आपल्या पत्रकात छापतो. ते काम माझं. मुनीरभाईंचं बोलणं मी टिपून घेतलं होतं, पाऊण पान. कुणीही मला सांगितलं नव्हतं की हे छापू नका. अध्यक्षांनी नाही, कुणीच नाही. मला आपलं वाटलं, कशाला? कुणी काही म्हटलं तर? सभागृह मिळायचं बंद झालं तर? मी लिहिलं, 'मुनीरभाई, येरवडा : कारकुनाच्या भूमिकेतील नटाचा अभिनय भडक वाटला.' टिपणं फाडून टाकली.

आठ दिवसांनी ते पत्रक घेऊन माझ्या घरी आले. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला बाई म्हणायचे.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"जागा कमी होती हो."

"संगीतावर अर्धं पान आहे."

मी चहाचं विचारलं. नको म्हणाले. मग विचारलं, "खोडताना हात थांबला का?"

मी खरं सांगितलं. नाही थांबला.

"माझाही नव्हता थांबला," म्हणाले, आणि जिना उतरून गेले. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी दारात उभी राहून बघत होते. हाक मारली नाही.

पुढच्या महिन्याच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कडेची खुर्ची दुसऱ्या कुणी घेतली. आपल्यापैकी किती जणांनी फोन केला? मी केला नाही. वाटलं, येतील. पंधरा दिवसांपूर्वी नसीमचा फोन आला, अब्बा गेले.

मघाशी दारात नसीमनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बाई, अब्बा त्या दिवशी घरी येऊन अम्मीला म्हणाले, आज बोलून आलो. काय बोलले, ते सांगेनात. आम्ही पत्रकात बघितलं, तर अभिनयाबद्दल एक ओळ. मी विचारलं, एवढंच बोललात? तर हो म्हणाले. खरंच एवढंच बोलले होते का?"

नाही, नसीम. एवढंच नव्हते बोलले. जे बोलले ते आत्ता सांगितलं. घरात चोवीस वर्षं न काढलेला शब्द त्यांनी आमच्यासमोर काढला होता, आम्हाला रसिक समजून. भाभी, मी तुमची गुन्हेगार आहे.

मला सगळं आठवत नाही. मध्ये त्या बाईच्या अक्षराबद्दलही काहीतरी म्हणाले होते, ते माझ्याकडून गेलं. त्या दिवशी तुम्ही पन्नास-साठ जण इथे होतात. आता आपण उभे राहू, दोन मिनिटं स्तब्ध राहू. पण नंतर चपला शोधायची घाई करू नका. ज्याला त्यांचं एखादं वाक्य आठवत असेल, त्यानं नसीमजवळ जाऊन सांगावं. ती वही घेऊन बसलीय.

उभे राहू या.