रुख्माबाईच्या मिरचीचा ठसका

रुख्माबाई : नाहीच ना लागला ठसका? सुनबाई, तुले लागला?

गोपिका : नाही, आत्याबाई.

रुख्माबाई : परवा नाही, काल नाही, आज मूठभर मिरच्या चुलीत टाकल्या तरी नाही! नातवावरून उतरवलेली मिरची जळते अन् घरात कोणी खोकत नाही, म्हणजे नजर किती जबर असंल! म्हणूनच लेकरू दूध घेऊन नाही राहिलं.

गोपिका : दात येऊन राहिले त्याले. हिरडी फुगली हाय.

रुख्माबाई : दात साऱ्याच लेकरांले येतात. त्यानं ठसका बंद होते काय? इंग्रज गेले, पण नजर नाही गेली, बाई. अन् कोणाची हाय तेही मले समजते. नवरा गेल्यावर तुझी बहीण या घरात आली, तवापासूनच.

गोपिका : लतिकानं काय केलं? तुम्ही म्हटलं, तुझ्या सावलीनं मिरचीचा वाफा करपंल, तं ती अंगणात अंग चोरून चालते. बाळाले मांडीवरही घेत नाही.

रुख्माबाई : मी काही राक्षसीण नाही वं. पण एकुलता एक नातू हाय. उद्या माझा श्रावण तिले रामटेकले तिच्या दिराकडं पोचवून येईल.

गोपिका : त्या दिरानं तिले गोठ्यात निजवलं होतं, आत्याबाई!

लतिका : जाऊ दे, ताई. गाठोडं बांधलं मी. लेकरू बरं होत असंल तं जातो.

गोपिका : ठेव ते खाली! आत्याबाई, एक सांगतो. रागवा, पण ऐका. तुमच्या मिरचीले ठसकाच नाही.

रुख्माबाई : काय?

गोपिका : ती तिखटच नाही.

रुख्माबाई : अवं, दिवाळीपासून तीच खाऊन राहिलो आपण! परवाच्या झुणक्यानं माझ्या नाकाडोळ्यातून पाणी निघालं. श्रावण म्हणे, माईची मिरची म्हणजे विस्तव!

गोपिका : झुणक्यात तिखटजाळ भिवापुरी मिरची होती. त्यांनीच इतवारीच्या बाजारातून आणून देली. तांदळाच्या मडक्यात लपवून ठेवतो मी. तुमची मिरची तुमच्यासमोर टाकतो, अन् तुमची पाठ फिरली का भिवापुरी.

रुख्माबाई : काहून वं?

गोपिका : कसं सांगू? हातमागाच्या सुताले लावून उरलेली पेज तुम्ही झाडाझाडाले घातली. उन्हात लुगडं बांधून सावली केली. मिरचीचा पहिला तोडा देवापुढं ठेवला. हे म्हणाले, माईचं मन नको मोडू.

रुख्माबाई : अन् शेजारची यमुताई? टोपलीभर नेल्या तिनं. तोंडभरून वाखाणल्या!

लतिका : त्या भजे करतात त्यांचे. अख्ख्या मिरचीचे.

रुख्माबाई : म्हणजे साऱ्या गल्लीले ठाऊक, अन् मलेच नाही!

गोपिका : बी कोणतं आणलं होतं तुम्ही?

रुख्माबाई : बाजारात एक दिसली, लांब, जाडजूड, लालभडक. तिचंच बी काढलं. म्हटलं, एवढं रूप हाय तं तिखट असंलच. दे बरं एक इकडं... माय वं. गोड हाय!

लतिका : भज्याले चांगली हाय, आत्याबाई.

रुख्माबाई : तू गप. गोपिका, काढ तुझ्या मडक्यातल्या. चुलीत विस्तव हाय अजून.

(रुख्माबाई मीठ-मोहरीसकट भिवापुरी मिरच्या बाळावरून उतरवून चुलीत टाकते. क्षणभर काहीच नाही. मग तिघी एकदम खोकू लागतात आणि बाळ खणखणीत शिंकतं.)

रुख्माबाई : लागला! लागला बाप्पा ठसका! दार उघड, जीव गेला माझा!

गोपिका : शिंकला पाहा! अन् वर हसून राहिला, लबाड!

रुख्माबाई : नजर नव्हतीच कोणाची. देवा, जीव भांड्यात पडला. दात दिसते का वं?

लतिका : हाव. तांदळाच्या कणीएवढा.

गोपिका : रडून राहिली काय तू?

लतिका : धुराचं पाणी हाय, ताई.

रुख्माबाई : माझ्याही डोळ्यात धूरच हाय. पोरी, उगाच आळ घेतला मी तुझ्यावर. घे त्याले. अशी दुरून काय पाहतं? मांडीवर घे.

लतिका : अन् गाठोडं?

रुख्माबाई : सोड ते. गोपिका, त्या भिवापुरीचं बी काढून ठेव. नवा वाफा करू.

गोपिका : केव्हा टाकता मंग बी?

रुख्माबाई : मी नाही बाप्पा, माझ्या हाताची गोड निघते. बी लतिका टाकंल.