कंपनीचा ढोल

हात काढ, धुळा! ढोलावरचा हात काढ आदी. — मालक? मालक वर माडीवर झोपल्यात, त्येंचं भ्या न्हाय मला. चल, तिकडं चल — ही बघ पायपेटी, नाटकातली समदी पदं हिच्यावर व्हायची. आन् ह्यो राजाचा मुकुट, कागदाचा हाय, उचल की. बोलपट आला, कंपनी मोडली, मग मालकानं समदं सामान हितं मांडलं. सोलापुरातली मोठी मोठी माणसं बघाय येत्यात. आदी मी पडदा वडायचो, आता दार उघडतो. बरं हाय की.

काय? व्हय, ठावं हाय मला, परवा बिरोबाची जत्रा हाय. आबा गेलं, आता भाकणूक थोरल्या ल्योकानं सांगायची, ते बी ठावं हाय. समदी वाडी वाट बघत आसंल — येडू येईल, ढोल वाजंल, देव आंगात येईल, पाऊस कुटं पडंल ते सांगंल, मग मेंढरं तिकडं न्यायची. — आरं, म्हणून तर येत न्हाय मी! रजा मिळती. रजेचं सांगितलं ते खोटं.

त्यो ढोल बघतूस न्हवं? नाटकात एक धनगर हुता, ह्यो ढोल वाजला की त्येच्या आंगात यायचं. नट शेरातला, मेंढरू कवा हातात धरलं न्हाय त्येनं — पर काय घुमायचा! आदी डावा पाय हालायचा, मग मान, मग डोळं पांढरं. बाया बसल्या जागी हात जोडायच्या. आन् पडदा पडला की ह्यो च्या मागायचा. मी रोज विंगेतनं बघायचो — रोज, धुळा. समदं येतंय मला. आबापक्षा झ्याक घुमून दाखवीन, तू सुदिक पाया पडशील. पर आंगात कोण आलं — देव का त्यो नट — हे मला कसं कळायचं? आन् माज्या शब्दावर तुमी मेंढरं हाकणार. पाऊस न्हाय पडला तर? लई भ्या वाटतं रं मला.

हसू नगंस. — एकडाव वाजवून बघू? नगं. न्हाय म्हणतो की! धुळा, आरं थांब —

वाजीवलासच.

बघ. माज्या पायाकडं बघ. डावा पाय. आदी डावा पायच.

जा, धुळा. नातेपुत्याची मोटार चुकंल तुजी. जाताना दार वडून घे.