तीनशे पंधराचा गवा

—नाही, नाही, वकीलसाहेब, ती रायफल खांद्याला लावू नका. एकदा खांद्याला लागली की माणूस घेऊनच जातो, हे मी या गादीवर बसून वीस वर्षं पाहून राहिलो. बायका लुगडं नुसतं अंगावर टाकून बघतात आणि मग सोडत नाहीत, तसंच. ठेवा इथं, या घोंगडीवर. आधी बसा. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलात म्हणजे पोटात काही नसेल, चहा सांगितलाय. समोरच्या कापडदुकानात त्या उभ्या आहेत, हिरव्या बांगड्या भरलेल्या, त्या घरच्याच ना? बोलावू का आत? नको? बरं, त्यांचं कापडाचं चालू द्या, आपलं लोखंडाचं. माझी बहीण साडेबाराला डबा घेऊन येते. तोवर दुकानात मी आणि डोक्यावरची ही शिंगं, दुसरं कोणी नाही. निवांत बोलू.

तर शिकारीला ढाकण्याच्या जंगलातला ब्लॉक मिळाला म्हणता, पंधरा दिवसांचा. आणि मारायचा काय—गवा! वा! पाहिलाय कधी? नाही ना? मग ऐका. आपला वखराला जुंपायचा चांगला खिल्लारी बैल घ्या, त्याच्यावर दुसरा उभा करा, दोघांना मिळून डांबर फासा आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घाला. झाला गवा. सासऱ्यासारखा एकटक बघतो आणि काही बोलत नाही. आता ही तुम्ही उचलली ती तीनशे पंधरा बोअरची—वाईट आहे का? मुळीच नाही. हलकी, सरळ, घरच्या सुनेसारखी गुणी. चितळाला उत्तम. सांबराला चालते. अस्वलाला मारायची तर आधी नमस्कार करावा. आणि गव्याला? गव्याला हिनं खाज सुटते, वकीलसाहेब, दुसरं काही होत नाही! हसा, हसा, पण हे बघा—हे हिचं काडतूस. टोक बघा, शिसं उघडं आहे, मऊ. जनावराच्या अंगात शिरली की गोळी फुलते, कोबीच्या गड्ड्यासारखी. चितळात फुललेली चांगली, जागच्या जागी बसतं बिचारं. पण गव्याच्या खांद्यावर वीतभर मांस, त्याच्याखाली मनगटाएवढं हाड. तिथं ही वरच्यावरच फुलते आणि थांबते. आतमध्ये काळीज आपलं काम करतच राहतं. आणि हे दुसरं घ्या हातात, घ्या ना, तीनशे पंच्याहत्तरचं. वजन कळलं? टोक सगळं कवचात बंद, टणक. हे फुलत नाही, वाकत नाही, सरळ आत जातं. गव्याला हे. दुसरं काही नाही.

काय म्हणता, तीनशे पंच्याहत्तरची रायफल जड होते? अहो, तुम्हाला कुठं डोक्यावर घेऊन चिखलदरा चढायचाय! परवान्यावर तीनशे पंधरा लिहिलंय? एवढंच ना? ते मी बदलून आणतो. कचेरीतला कारकून माझा माणूस आहे, आठ दिवस लावेल. तोवर थांबा. नाहीतर असं करा, या खेपेला चितळ मारा, मोर बघा, कोलकासच्या नदीत पाय बुडवून बसा दोघं. नवीन लग्न आहे, गवा काहून पाहिजे तुम्हाला? गवा पुढच्या वर्षीही तिथंच असतो, तो कुठं पुण्याला बदलून जात नाही.

—तीनशे पंधरानंही गवा पडतो? कोणी सांगितलं? तुमच्या मामांनी? कोण तुमचे मामा? बापूसाहेब! दर्यापूरचे बापूसाहेब! अरे वा... म्हणजे तुम्ही त्यांचे... बरं. ते याच खुर्चीवर बसायचे, वकीलसाहेब. हीच, एक पाय आखूड असलेली. हो... हो, सांगितली होती मी ती गोष्ट. त्यांनाच काय, अख्ख्या अमरावतीला सांगितली. एकोणचाळीस साल, कोलकासच्या वरचा नाला, चौसष्ट पावलांवर गवा, हातात तीनशे पंधरा आणि कमरेला एकच काडतूस. चाप ओढला. गवा पडला नाही, बसला. देवळात म्हातारा बसतो तसा—आधी पुढचे गुडघे, मग मागचे, मग एक लांब सुस्कारा. आणि ही त्याची शिंगं. लोक मांडी ठोकायचे! पहिल्या वर्षी ती पावलं चाळीस होती, मग पन्नास झाली. गोष्ट म्हणजे वांग्याचं रोप आहे, पाणी घातलं की वाढतं.

आणि तुम्ही ती ऐकून तीनशे पंधरा घ्यायला आलात. अकोल्याहून. बायकोला घेऊन.

वकीलसाहेब, मी आयुष्यात गवा मारलेला नाही. गवा सोडा, मी एकदा पारवा मारायला गेलो तर शेजारच्या गोदाबाईंचा पाण्याचा रांजण फुटला, तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. मी दुकानदार आहे, शिकारी नाही. ही शिंगं तुमच्याच गावची आहेत. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, भंगाराच्या बाजारात पितळी घंगाळांच्या ढिगाखाली पडली होती. भिंत रिकामी दिसते म्हणून आणली. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, कोणी मारला? म्हटलं, माहीत नाही. त्यानं टोपी घातली आणि गेला. दुसऱ्यानं विचारलं, म्हटलं, मी. तो दोन तास बसला. बस. एवढंच आहे ते.

आता बघा, हसून राहिले तुम्ही! मला ठाऊक होतं. तुमच्या मनात काय आलं तेही सांगतो—हा बुवा महागडी रायफल गळ्यात बांधायला गोष्ट फिरवून राहिला. नाही, नाही म्हणू नका, चेहऱ्यावर दिसतं. गंमत आहे की नाही? वीस वर्षं खोटं सांगितलं तर सगळ्यांना पटलं, आज पहिल्यांदा खरं बोलतो तर गिऱ्हाईक तीच तीनशे पंधरा उचलून उभं राहतं. थांबा. थांबा, म्हणतो ना. बसा. तीनशे पंधरा काय, दुसरं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे, तिथं लगेच बांधून देतील, मला माहीत आहे. एक मिनिट. या खणात एक वस्तू आहे. पाच वर्षांत कोणाला दाखवली नाही.

माझी बहीण तारा, आता डबा घेऊन येईल ती—तिचे यजमान चिंतामणराव. हायस्कुलात गणिताचे मास्तर. माणूस कसा? तर चप्पलसुद्धा जमिनीवरच्या फरशीच्या रेषेला लावून काढून ठेवायचा. आणि नेम असा, की अंबादेवीच्या जत्रेत फुगेवाला त्यांना लांबून आलेलं बघायचा आणि फळीवर पोतं टाकायचा! म्हणायचा, मास्तर, माझी पोरंबाळं आहेत, तुम्ही पुढच्या दुकानावर जा. शिकारीचा नाद लागला तो या दुकानात बसून. माझ्यामुळं. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात त्यांना ब्लॉक मिळाला, गव्याचा परवाना मिळाला. परतवाड्याच्या एका देशमुखांनी आपली जड रायफल देऊ केली होती, काडतुसांसकट. सगळं ठरलेलं. जायच्या आदल्या दिवशी मी इथं असाच बसलो होतो. चार जण ऐकायला, तुमचे मामा त्यांतलेच एक. गोष्ट ऐन रंगात, गव्याचे पुढचे गुडघे टेकलेले. आणि चिंतामणराव आत आले आणि म्हणाले, 'दादा, मी देशमुखांची रायफल परत पाठवली. उगीच कोणाचे उपकार काहून घ्या? तुमच्या तीनशे पंधरानं पडतो, तर माझ्यानंही पडेल.'

चारही माणसं माझ्याकडे बघून राहिली. एक वाक्य बोलायचं होतं, वकीलसाहेब. 'चिंतामणराव, जरा आतल्या खोलीत या.' एवढंच. आत नेऊन कानात सांगितलं असतं, तर बाहेरच्यांना कळलंही नसतं, माझी गोष्ट जिथल्या तिथं राहिली असती. माझ्या हातात चहाचा कप होता, तो बशीत सांडला, हे आठवतं. आणि मी काय बोललो? 'खांद्यामागे मारा, मग बघा कसा बसतो.' सगळे हसले. मीच काडतुसांचा डबा कागदात बांधला, वर सुतळीची गाठ मारली, आणि तारा दारात उभी होती तिला म्हटलं, शिंगं ठेवायला भिंत मोकळी कर.

तुम्ही म्हणाल, हा माणूस रात्रभर जागला कसा नाही. नाही जागलो. मला वाटलं, गवा दिसतो कोणाला? लोक पंधरा दिवस डास चावून घेतात आणि ससा घेऊन परत येतात. खरं सांगतो, हेच वाटलं मला.

दिसला त्यांना. सेमाडोहच्या वर, सकाळी, उघड्यावर. मारला. गवा हलला आणि बांबूत चालत गेला. सोबतचा कोरकू वाटाड्या म्हणाला, मास्तर, थांबा, दोन घटका जाऊ द्या. पण हे गेले लगेच मागं. काहून गेले? एवढा सावध माणूस, चप्पल रेषेत काढणारा माणूस! वकीलसाहेब, माझ्या गोष्टीत गवा बसतो. म्हणून गेले. बसलेला असेल म्हणून गेले ते.

तो उभा होता.

...चहा घ्या. निवला असेल. आठ दिवसांनी तो वाटाड्या इथं आला. अर्धी वाट पायी, अर्धी मोटारीनं. जिथं तुम्ही बसलात तिथं तो बसला नाही, उंबऱ्यावर बसला. जखमी गवा जंगलखात्याच्या लोकांनी तिसऱ्या दिवशी मारला, तेव्हा या वाटाड्यानंच गव्याचा खांदा चिरला होता. पटक्याच्या टोकाची गाठ सोडली आणि ही काढून गादीवर ठेवली. घ्या, बघा. घ्या हातात. ही गोळी आहे, ओळखू येत नाही ना? रुपयासारखी चपटी झाली. कातड्याखाली चार बोटं गेली आणि हाडावर अशी पसरली. तो म्हणाला, 'शेठ, मास्तरचा नेम नाही चुकला. बरोब्बर जाग्यावर होती. गोयीच आत नाही गेली. त्याइच्या घरी सांगजा.'

घरी सांगजा! घर कोणतं? तेराव्यानंतर तारा माझ्याच घरी आहे. आणि गावात काय झालं होतं तोवर? मास्तरांचा नेम चुकला. कट्ट्यावर तेच, शाळेत तेच. त्यांच्या शोकसभेत हेडमास्तरसुद्धा म्हणाले, दुर्दैवानं नेम चुकला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, वकीलसाहेब, आणि मी मान हलवली. फुगेवाला आला होता त्या सभेला, तो तेवढा माझ्याकडे बघत होता. मी ही गोळी खणात टाकली. नेम चुकला नाही म्हटलं की पुढं विचारणार, मग काय चुकलं? आणि मग—म्हणून मी मेलेल्या माणसाचा नेम चुकू दिला. पाच वर्षं.

तारा रोज संध्याकाळी फोटोपुढं दिवा लावते आणि त्यांच्याशी भांडते. मोठ्यानं भांडते, चोरून नाही. 'नेम येत नव्हता तर गेलात कशाला? दादानं सांगितलं होतं ना, खांद्यामागे? एवढंसुद्धा जमलं नाही तुमाले?' एरवी शुद्ध बोलते, तिथं आली की तिला आईची बोली येते. मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसतो. तुम्ही विचारा मला, काय छापून आलं म्हणून. पाच वर्षांत एक ओळ वाचली नाही मी त्या वेळेला.

हं. तीनशे पंधरा ठेवलीत खाली. चांगलं केलंत. नाही, काही बोलू नका. ही चपटी गोळी तुमच्याच हातात राहू द्या घटकाभर, वजन लक्षात राहील. परवाना बदलून आला की मी स्वतः अकोल्याला—

थांबा. आली ती. विषय बदला. ते काडतूस उचला आणि काहीतरी विचारा मला, काहीही.

ये, तारे. आज लवकरच आलीस! हे अकोल्याचे वकील, आपल्या बापूसाहेबांचे भाचे. समोर त्यांच्या मंडळी आहेत, त्या बघ, हिरव्या बांगड्या. काय? हो, हो, शिंगांकडेच बघून राहिले ते... गव्याचीच गोष्ट चालली होती, दुसरी कोणती असणार. अर्धी? नाही, अर्धी नाही सोडली. तुला ऐकायची? शंभर वेळा ऐकली तू. बघा वकीलसाहेब, पदर खोचून दारात उभी राहते आणि लहान पोरीसारखी ऐकते, आणि संपली की दर वेळेस म्हणते—काय म्हणतेस, सांग ना त्यांना. 'आमच्या यांना नाही जमलं.' हं. असं म्हणते.

बरं, सांगतो. एकोणचाळीस साल. कोलकासच्या वरचा नाला. चौसष्ट पावलं. मी श्वास रोखला, चाप ओढला, आणि गवा... गवा पुढचे गुडघे...

काही नाही. काही नाही झालं, तारे. पाणी नको.

वकीलसाहेब, ती हातातली चपटी द्या. माझ्याकडे नाही, तिथं डब्याजवळ ठेवा. हो, तिच्यासमोर. आता तुम्ही निघा. पैसे कसले चहाचे, निघा म्हणतो ना! त्या उन्हात उभ्या आहेत तुमच्यासाठी. जाता जाता दाराची ती फळी लावून घ्या, आज कोणी आत यायला नको. तारे, तू त्या खुर्चीवर बस. डबा राहू दे. हात लाव त्याला, भिऊ नको, ते नुसतं शिसं आहे. ऐक. मास्तरांचा नेम—

जा हो तुम्ही, वकीलसाहेब.