लाकडाची चार अंडी

हौसराव : कासमभाई, ह्या अंड्यात उजेडच शिरंना.

कासम : बॅटरी नीट धर.

हौसराव : नीटच धरलीया. आमच्या खुटबाव गावच्या कोंबड्यांची निम्मी अंडी ह्याच बॅटरीवर तपासतो मी. आत पिल्लू आसलं की लाल शिरा दिसत्यात. ह्यात काय बी न्हाई. बत्ती गेल्यावर यार्ड दिसतं तसं दिसतंय.

कासम : म्हणजे पिल्लू मोठं झालंय. जागा पुरत नसेल.

सुलतानबी : अहो, आटपा. ती कॅनरी आंघोळीला उतरलीय तोवर ठेवा अंडी घरट्यात. वर येऊन बघितलं आणि घरटं रिकामं दिसलं, तर पुन्हा बसायची नाही. आपला बिलाल म्हणायचा, कॅनरीचा स्वभाव तुमच्यासारखा असतो. एकदा रुसली की रुसली.

हौसराव : थांबा भाभी. नखानं वाजवून बघतो. …कासमभाई, ऐकलं का?

कासम : काय?

हौसराव : टकटक. दार वाजवल्यावानी.

कासम : कवच जाड असेल.

हौसराव : कवच सागाचं हाय. हे तुम्ही केल्यालं अंडं हाय.

कासम : शक्य नाही. दुसरं बघ.

हौसराव : टकटक.

कासम : तिसरं.

हौसराव : चौथं बी वाजवलं. चारी सागाची. आवो, पंधरवडा झाला, ती बिचारी फर्निचरवर बसलीया!

सुलतानबी : या अल्ला.

कासम : मग खरी कुठंयत?

सुलतानबी : तंबाखूच्या डब्यात, कापसावर. तुम्हीच ठेवलीत. वर म्हणालात, नकली आहेत, पुढच्या खेपेला कामी येतील.

हौसराव : मला एक सांगा भाभी, मुळात नकली ठेवायचीच कशाला? आमची कोंबडी आपली सरळ बसते.

सुलतानबी : बिलालची पद्धत आहे ती. कॅनरी रोज सकाळी एकच अंडं घालते. पहिल्यापासून बसली तर पहिलं पिल्लू आधी निघतं, मोठं होतं आणि शेवटच्याला तुडवतं. म्हणून रोजचं खरं काढून नकली ठेवायचं. चारही झाली की नकली काढायची, खरी परत ठेवायची. मग सगळी एकदम निघतात. तो पुण्याहून प्लॅस्टिकची आणायचा. यांना प्लॅस्टिक पटलं नाही.

कासम : पांढरंफटक प्लॅस्टिक! कॅनरीचं अंडं निळसर असतं, वर तपकिरी ठिपके. पक्षी काय आंधळा असतो? मी मालगाडीच्या वाघिणींवर नंबर रंगवण्यात जन्म घालवला, हौसराव. लांबून गार्डाला वाचता आला पाहिजे असा नंबर. मला चार ठिपके येणार नाहीत?

हौसराव : आले की. लईच आले.

कासम : वजनसुद्धा जुळवलं होतं. सोनाराच्या काट्यावर खरं अंडं ठेवून. साग हलका पडला, म्हणून पोटात शिशाचा मणी बसवला.

हौसराव : सोनार काय म्हणला?

कासम : म्हणाला, मजुरी कशाची लावू?

सुलतानबी : आणि अदलाबदलीच्या दिवशी आठही अंडी ताटात मांडून बसले. मला म्हणाले, ओळख पाहू. मी बोट दाखवलं, ही चार खरी. तर हसले. म्हणाले, फसलीस. शेजारणीला बोलावून दाखवलं, ही बघा, फसली.

कासम : तू अंदाजानं सांगितलंस.

सुलतानबी : अंदाजानं नाही. त्यांच्यावर घालतानाच पाखराची शीट लागलेली होती. तुम्ही शीट रंगवायला विसरला होतात.

कासम : …मग बोलली का नाहीस?

सुलतानबी : तुम्ही इतके खूश होतात. बिलाल सौदीला गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, माझंच चुकत असेल.

हौसराव : डबा आना हिकडं. खरी तपासतो.

कासम : असू शकतं, हौसराव. उन्हाळा आहे. डब्यात ऊब राहते. दौंडचा मे महिना म्हणजे काय कमी ऊब आहे? गच्चीवर पापड भाजतो.

हौसराव : बघू… ह्यात उजेडच उजेड हाय. पार आरपार. आत नुसतं पिवळं हलतंय.

कासम : दुसरं?

हौसराव : तसंच. कासमभाई, ही कवाच गेली. बाकीची नका बघायला लावू.

सुलतानबी : मी तिला रोज कोंबडीचं अंडं उकडून, कुस्करून भरवतेय. अंगात ताकद राहावी म्हणून. लाकडावर बसायला.

हौसराव : मग जोडीला नवी अंडी घालू द्या. घालतीलच की.

सुलतानबी : कुठली जोडी, हौसरावभाऊ? नर मागच्या आठवड्यात उन्हानं गेला. ओलं पोतं लावलं होतं, तरी गेला.

हौसराव : आन् मला सांगितलं न्हाई?

कासम : तुला सांगितलं असतं तर तू बिलालला फोनवर सांगितलं असतंस.

सुलतानबी : कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलाय. तेव्हापासून घरात कढी नाही.

हौसराव : म्हंजी ही चार शेवटची व्हती.

कासम : शेवटची होती. तो दमामहून ईदला काय म्हणाला होता, तूच येऊन सांगितलंस. अब्बांना सांगा, माझ्या जोडीला पिल्लं झाली की रजा टाकतो, बघायला येतो. दोन वर्षांत पहिल्यांदा येतो म्हणाला.

हौसराव : व्हय. माझ्या बूथवरच्या फोनवर मलाच म्हणला.

कासम : मी त्याला म्हणालो होतो, रेल्वेची भरती सोडून पाखरं पाळणारा पोरगा माझा नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. म्हणून म्हटलं, त्याची पिल्लं मी त्याच्याच पद्धतीनं काढून दाखवतो. एकही तुडवलं जाणार नाही असं.

सुलतानबी : नाहीच तुडवलं गेलं.

(शेजारी हौसरावच्या बूथवर फोन वाजू लागतो.)

हौसराव : शुक्रवार. त्योच आसणार. चला भाभी.

सुलतानबी : आज माझ्यानं होणार नाही. त्याच्याशी मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलवणार नाही.

हौसराव : कासमभाई, तुम्ही या. नुसतं सलाम म्हणा.

कासम : तू जा. सांग, पिल्लं निघाली.

सुलतानबी : अहो! आणि तो आला तर?

कासम : यावं म्हणूनच तर.

सुलतानबी : घरट्यात काय दाखवाल? पिल्लंही सागाची कराल?

कासम : पंख जमणार नाहीत.

हौसराव : फोन कट व्हईल. आवो, काय सांगू शेवटचं?

कासम : निघाली, सांग. जा.

सुलतानबी : …गेले ते.

कासम : हं.

सुलतानबी : ती काडीवर येऊन बसलीय बघा. अंग झाडतेय. घरट्यात वाकून बघतेय.

कासम : ठेव मग काहीतरी.

सुलतानबी : कुठली ठेवू?

कासम : मला विचारू नको. मला ओळखता येत नाहीत.

सुलतानबी : सोडा ते ताट. कलतंय. एक पडलं.

कासम : फुटलं?

सुलतानबी : नाही. तुमचं होतं.

कासम : हौसराव किती वेळ बोलतोय. म्हणजे बरं बोलणं चाललंय. विमानाचं विचारत असेल. मुंबईहून सोलापूरची गाडी धरली तर पुण्यात उतरायची गरज नाही, थेट दौंड. मी स्टेशनवर जाईन.

सुलतानबी : तुम्ही?

कासम : लांबूनच उभा राहीन. …आला. काय रे? बोल ना!

हौसराव : सांगितलं. निघाली म्हणून. किती, म्हणला. म्हणलं, चार.

कासम : मग?

हौसराव : म्हणला, चारीच्या चारी? मधी नकली ठेवली व्हती का? म्हणलं, व्हय. तुझ्या अब्बांनी स्वता केली, हातानं. तर दोनदा इचारलं, अब्बांनी? मला वाटलं लाइन खराब हाय.

कासम : मग?

हौसराव : मग म्हणला, अब्बांना सांगा, पिल्लं कुणाला तरी देऊन टाका. मालकानं करार वाढवलाय, पासपोर्ट त्याच्याकडंच हाय. आता येणं व्हायचं न्हाई. फोन बी महाग पडतो म्हणला.

कासम : …देऊन टाका म्हणाला?

हौसराव : चांगल्या माणसाला द्या म्हणला.

सुलतानबी : चहा टाकू, हौसरावभाऊ?

हौसराव : नको भाभी. बूथ उघडाच हाय. …ही बॅटरी हितंच ऱ्हाऊ द्या. न्हाई, नेतो. कोंबड्या हायेत.

कासम : खोटं बोलायला लावलं तुला. माफ कर.

हौसराव : त्यात काय. येतो.

सुलतानबी : …अहो. बसली ती.

कासम : कशावर?

सुलतानबी : मी न बघताच ठेवली.

कासम : बरं केलंस.